नकार, जपानी पद्धतीचा

३ जुलै, दुपारी

आजपासून रोजनिशी. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहितेय. कुणाला दाखवायची नाही.

अकरावीला नाव घातलं. त्या शाळेत लग्न झालेल्यांनाही घेतात, दुपारची बॅच. विषय मी जपानी निवडला. म्हणजे खिडकीतला क्लार्क म्हणाला, बाकी सगळं फुल आहे, जपानी भाषा आणि संस्कृती यात जागा आहेत, टाकू ना नाव? मी काही बोलले नाही. त्यानं लिहून टाकलं. पण घरी येऊन नीट विचार केला, तर मला हाच विषय हवा होता. आमच्या अख्ख्या गल्लीत जपानी कुणाला येतं? कुणालाच नाही.

प्लॅन असा. दोन वर्षांत बारावी. मग जपानी कंपनीत नोकरी. मग वेगळी खोली, जिचं दार सरळ रस्त्यावर उघडतं. आमच्या दोन खोल्या लाँड्रीच्या मागे आहेत. बाहेर पडायचं तर दुकानातूनच, आणि दुकानात काउंटरवर सासूबाई. दूध आणायला निघाले तरी "कुठे?" विचारतात. सांगेपर्यंत मलाच दूध नकोसं होतं.

आणखी एक लिहून ठेवते. मी घाबरट नाही. फक्त छातीत धडधडतं.

८ जुलै

पहिला क्लास. बाईंना सेन्सेई म्हणायचं. बाकी पोरं सोळा-सतराची, मी बावीसची. मला काकू म्हणतात. मान देतात बिचारी. शेजारी एक चष्मेवाली बसते, हुशार दिसते, तिला मी अभ्यासात मदत करीन.

मूळ अक्षरं शेचाळीस आहेत म्हणे. रोज दहा केली तर शुक्रवारपर्यंत विषय संपला. दोन वर्षं कशाला ठेवलीत कळत नाही.

माझ्या छकुलीला कपड्यांच्या टोपलीत झोपवून गेले होते, सासूबाईंच्या पायाशी. क्लासभर एकच डोक्यात, ह्यांनी इस्त्री टेबलाच्या कडेला तर नसेल ना ठेवली. वायर खाली लोंबत असते. पोर हल्ली मिळेल ते ओढते. सेन्सेईंनी काय शिकवलं ते चष्मेवालीला विचारायला पाहिजे.

१९ जुलै

चार अक्षरं झाली. त्यातली दोन अगदी सारखी दिसतात, म्हणून तीन धरायची. हरकत नाही. पाया पक्का हवा.

ह्यांनी विचारलं, जपानीत काहीतरी बोलून दाखव. म्हटलं, अहो, ती बोलायची भाषा नाही, आधी लिहायची असते. हे "असं का" म्हणाले आणि शर्टाची कॉलर दाबायला लागले. प्रभाव पडला.

२ ऑगस्ट

आज संस्कृती. जपानी माणूस घरात शिरताना पादत्राणं काढतो आणि वळून दाराकडे तोंड करून ठेवतो. निघताना पाय घातला की चालू लागायचं. फार आवडलं मला हे.

घरी येऊन लगेच सुरू केलं. चपला काढल्या, वळवल्या, दाराकडे तोंड. तासाभरानं बघते तर आतल्या बाजूला. सासूबाईंनी फिरवल्या होत्या. म्हणाल्या, आत्ताच आलीस आणि चपला निघाल्या पण, बरं दिसत नाही ते.

मी काही बोलले नाही. पण उद्या परत वळवणार.

३ ऑगस्ट

वळवल्या. फिरवल्या.

४ ऑगस्ट

तेच. मी हार मानणारी नाही. उद्यापासून चपला पलंगाखाली ठेवणार.

२१ ऑगस्ट

सेन्सेईंनी माझं अक्षर बघितलं. बराच वेळ बघत होत्या. मग दातांतून हवा आत ओढली, मान तिरकी केली, "हं, हे जरा…" म्हणाल्या आणि पुढच्या बाकावर गेल्या. चष्मेवालीच्या वहीवर नुसतं "छान" म्हणाल्या आणि संपलं. माझ्या वेळी बाईंना शब्द सापडेना.

छकुलीला ताप. तीन क्लास बुडले. ती तापलेली असली की मी तिच्या नाकापाशी बोट धरून बसते, श्वास चालू आहे ना. सासूबाई म्हणतात, बोट काढ, मग घेईल ती श्वास.

१० सप्टेंबर

ताप गेला. आता अभ्यास.

११ सप्टेंबर

आता छकुली बोलायला लागली. पहिला शब्द "नाही". भात? नाही. झोपायचं? नाही. सासूबाईंनी घेतलं तर पाय झाडत नाही नाही नाही. आणि सासूबाई तिला लगेच खाली ठेवतात. आश्चर्य आहे. मला अभ्यास जमला नाही, हिच्यामागे धावण्यात दिवस गेला.

२५ सप्टेंबर

डिसेंबरात शाळेत जपानी संस्कृती दिवस आहे. पाहुणे येणार, मुख्याध्यापक येणार. एका विद्यार्थ्यानं जपानीतून भाषण करायचं. मी करायचं ठरवलंय. तोंडानं सांगायला गेले, पण सेन्सेईंच्या टेबलापाशी पोचेपर्यंत घसा सुकला, म्हणून चिठ्ठी लिहून डस्टरखाली ठेवली. सेन्सेईंनी वाचली. माझ्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "विचार करू."

झालं काम.

भाषणाचा विषय "माझं घर". सुरुवात कशी करायची ते चष्मेवालीला विचारीन. मधलं आणि शेवटचंही तिलाच विचारीन. बाकी मी बघते.

१४ ऑक्टोबर

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा. आज कळलं की मी जन्मानंच जपानी आहे.

धडा होता नकाराचा. सेन्सेई म्हणाल्या, जपानी माणूस कुणाला तोंडावर नाही म्हणत नाही. समोरच्याला लागेल म्हणून. तो दातांतून हवा ओढतो, मान तिरकी करतो, "ते जरा…" म्हणतो आणि वाक्य तिथेच सोडतो. पुढचं समोरच्यानं समजून घ्यायचं. आणि कुणी "विचार करू" म्हणाला तर समजायचं, विषय मिटला.

मग दोघा-दोघांनी करून दाखवायचं होतं. चष्मेवालीनं मला विचारलं, काकू, उद्या सिनेमाला येता का? मी खाली बघितलं. काही सुचलंच नाही. तशीच उभी राहिले. सेन्सेईंनी टाळ्या वाजवल्या, म्हणाल्या, बघा, असं पाहिजे. दहापैकी दहा. अख्ख्या क्लासात मी एकटीच.

येताना रस्ताभर हेच डोक्यात. म्हणजे मी गप्प बसते तो भित्रेपणा नाही. ती संस्कृती आहे. एवढी वर्षं मी लोकांना व्यवस्थित नाही म्हणत आलेय, लोकांचा अभ्यास कमी पडला.

भाषणाची तयारी चालू. सेन्सेईंचा अजून विचार चाललाय.

९ नोव्हेंबर, रविवार

दुकान बंद. नणंद आणि तिचे मिस्टर आले होते. ते चौकापलीकडे दुसरी लाँड्री काढतायत. नवीन वर्षापासून तिथल्या काउंटरवर सासूबाई बसणार. मग इथे कोण?

सासूबाई म्हणाल्या, "इथला काउंटर आता तू धरायचास. सकाळी शटर वर गेल्यापासून. शाळेची हौस झाली की एवढे महिने. चालेल ना?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हे पण.

छाती नुसती धडधडत होती. पण मी तयार होते. आधी खाली बघितलं. मग दातांतून हवा ओढली, चांगली आवाज येईल अशी. मान तिरकी केली. "ते जरा…" म्हणाले. आणि सोडून दिलं. सेन्सेई असत्या तर परत दहापैकी दहा दिले असते.

सासूबाई म्हणाल्या, दाढ दुखतेय का गं? नणंद म्हणाली, आई, तिला मिठाचं कोमट पाणी दे. लगेच पाणी गरम झालं. मी मोरीत उभी राहून गुळण्या केल्या. त्याला नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

बाहेर आले तर विषय बदलला होता. नव्या दुकानाच्या पाटीचा रंग चालला होता. म्हणजे पोचलं. कुणी वाद नाही, आवाज नाही. किती सुंदर पद्धत आहे.

१६ नोव्हेंबर

सासूबाईंनी काउंटरची खुर्ची सुताराकडून पाय कापून आणली. म्हणाल्या, तुझे पाय टेकत नव्हते. मला भरून आलं. माझा नकार मनावर न घेता उलट काळजी घेतायत.

पण त्या तिथून उठत नाहीत, मग खुर्ची माझ्या मापाची कशाला? असं मनात आलं. जाऊ दे. अभ्यास.

२८ नोव्हेंबर

सासूबाई मला चिठ्ठ्या लावायला शिकवतायत. गिऱ्हाइकाचा नंबर कापडाच्या तुकड्यावर, तो सेफ्टी पिननं कपड्याच्या आतल्या शिवणीला. पुढून दिसता कामा नये. मी पटकन शिकले. त्या म्हणाल्या, हात चांगला आहे तुझा. एवढं शाळेत कुणी म्हणालं नव्हतं. म्हणजे सेन्सेई म्हणाल्या असत्या, पण त्यांना शब्द सापडत नाहीत.

१३ डिसेंबर

संस्कृती दिवस. भाषण चष्मेवालीनं केलं.

विषय "माझं घर". मला वाटलं ऐनवेळी माझं नाव पुकारतील, म्हणून मी दोन्ही हात पुसून तयार होते. नाही पुकारलं. वेळ कमी असणार.

माझ्याकडे त्याहून मोठी जबाबदारी होती. दारावरची. पाहुण्यांची पादत्राणं घ्यायची आणि बाहेर तोंड करून लावायची. एवढी माणसं, सगळ्यांचे काळे बूट सारखे. अदलाबदल झाली तर? पण मी लाँड्रीवाली आहे. घरूनच कापडी नंबर नेले होते. प्रत्येक जोडीला एक, आतल्या बाजूनं, पुढून दिसणार नाही असा. चामड्यातून सेफ्टी पिन जाईना, म्हणून दाभण वापरलं. सासूबाईंचं दाभण, गोणी शिवायचं.

एक जोडी इकडची तिकडे झाली नाही.

मुख्याध्यापकांचे बूट नवीन होते. त्यांनी बूट उजेडात धरून भोकातून बघितलं. सेन्सेई त्यांच्यासमोर कमरेतून वाकल्या, पूर्ण पंचेचाळीस डिग्री, आणि तशाच राहिल्या. आम्ही पुस्तकात वाचलं होतं की असा नमस्कार फार क्वचित करतात. माझ्यामुळे सगळ्यांना प्रत्यक्ष बघायला मिळाला.

चष्मेवाली म्हणाली, काकू, तुम्ही आता घरी जा, मी बघते. प्रेमळ आहे.

२६ डिसेंबर

नव्या दुकानाची पाटी लागली. सासूबाईंनी त्यांचं चष्म्याचं घर, पंखा आणि उशी तिकडे नेली. काउंटरच्या ड्रॉवरची किल्ली माझ्या हातात दिली.

मी ह्यांना विचारलं, अहो, हे काय चाललंय? मी तर तेव्हाच नाही म्हटलं होतं.

हे इस्त्री उभी करून माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "कधी?"

मी म्हटलं, त्या रविवारी. सगळ्यांसमोर. मी गप्प बसले की.

हे म्हणाले, "अगं, तू तर कायमच गप्प बसतेस. बघायला आलो होतो तेव्हाही गप्प होतीस. तुझे वडील म्हणाले, लाजतेय, तिचा होकार आहे."

मग त्यांचं त्यांनाच काहीतरी वाटलं. हळूच विचारलं, "होता ना?"

छकुली मध्येच इस्त्रीच्या वायरकडे निघाली. मी तिला उचलायला धावले. परत आले तोवर हे पॅन्टला घडी घालत होते. विषय राहिला.

त्यांनाही थोडं जपानी शिकवायला हवं होतं.

५ जानेवारी

काउंटरवर बसले. पाय टेकतात.

७ जानेवारी, दुपारी

प्लॅन. सेन्सेईंनी घरी यायचं आणि सासूबाईंना समजवायचं. शिकलेल्या बाईचं ऐकतील. फार काही नाही, दोनच वाक्यं, ही पोरगी शाळेत हवी, हिचं भवितव्य चांगलं आहे. सेन्सेईंना माझ्याबद्दल काय वाटतं ते मला माहीतच आहे.

ह्यांना काउंटरवर बसवून थोड्या वेळासाठी जाऊन येईन.

८ जानेवारी

गेले. चिठ्ठी नाही, तोंडानं विचारलं. घरी याल का, माझ्यासाठी बोलाल का. आवाज कापला, पण पूर्ण वाक्य बोलले.

सेन्सेईंनी दातांतून हवा ओढली. मान तिरकी केली. म्हणाल्या, "ते जरा…"

आणि डस्टर उचलून फळा पुसायला लागल्या. फळा पुसलेलाच होता.

मी तिथे उभी होते. मग कळलं.

मग ऑगस्टमधलं अक्षरही कळलं. भाषणाचा विचारही कळला. सगळं वर्ष मागून येऊन एकदम कळलं. बाई पहिल्यापासून सांगत होत्या, अगदी नीट, पद्धतशीर. अभ्यास माझा कमी पडला.

दारात चष्मेवाली भेटली. म्हणाली, काकू, येत का नाही हल्ली? मी म्हटलं, घरचं जरा… ती "अच्छा" म्हणाली. तिला कळलं. तिला छान मार्क पडतील.

१५ जानेवारी

आजपासून सरळ मराठीतून नाही म्हणायचं. सकाळी शर्टांवर प्रॅक्टिस. हँगरवर सगळे ओळीनं लटकलेले असतात, ऐकून घेतात. निळा शर्ट, नाही. पांढरा शर्ट, नाही. चौकड्याचा, अजिबात नाही.

मग एक गिऱ्हाईक आलं. हा सूट संध्याकाळपर्यंत पाहिजे, जमेल ना? आज जमण्यासारखं नव्हतं, बॉयलर बिघडलाय. मी तोंड उघडलं. उघडंच राहिलं. तो म्हणाला, ठीक, मग सात वाजता येतो.

त्यानं जाताना छकुलीला बिस्कीट दिलं. छकुली म्हणाली, नाही. त्यानं बिस्कीट लगेच खिशात घातलं.

एकदाच म्हणाली ती.

२ फेब्रुवारी

शाळेचा शिपाई निरोप देऊन गेला. महिनाभर गैरहजर, क्लार्कनं भेटायला बोलावलंय. नाव ठेवायचं असेल तर रविवारची बॅच आहे, नाहीतर काढून टाकतील.

रविवारची. रविवारी दुकान बंद असतं.

मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, मग ठेव की नाव. रविवारी छकुलीला मी बघतो. आईला मी सांगतो. सासूबाई तिकडून आल्या तेव्हा ह्यांनी खरंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "रविवारचं तुमचं तुम्ही बघा. तिला हवं असेल तर ती बोलेल ना, तिला तोंड आहे."

मी आत भात बघत होते. म्हणजे आता कुणीच अडवत नाहीये. फक्त खिडकीपाशी जायचं आणि सांगायचं. तो विचारेल, काढू का नाव? मी म्हणणार, नाही. एक शब्द. मराठीतला.

बारावी, नोकरी, दार. सगळं अजून होतंय.

३ फेब्रुवारी

प्रॅक्टिस केली. सगळ्या शर्टांना सांगून झालं. एकदा चुकून मोठ्यानं म्हटलं तर हे दचकले. चांगला आवाज आहे माझा.

४ फेब्रुवारी, सकाळी

साडी नको, ड्रेस घातलाय. छकुलीला बरोबर नेतेय, म्हणजे इस्त्रीची काळजी नाही. डोकं शांत. धडधड आहे, पण ती उत्साहाची.

४ फेब्रुवारी, दुपारी

गेले होते.

तोच क्लार्क, तीच खिडकी. रजिस्टर उघडून बोट ठेवलं. वर न बघता म्हणाला, घरचं काम वाढलं असेल, होतं असं. काढून टाकू ना नाव?

मी तोंड उघडलं.

छकुली कडेवरून मोठ्यानं म्हणाली, "नाही."

क्लार्क हसला. "तुला नाही विचारलं, बाळा."

मग माझ्याकडे बघितलं. बराच वेळ थांबला, खरं सांगायचं तर. मागे रांग होती. कुणीतरी खाकरलं. माझी मान आपोआप खाली गेली.

त्यानं लिहून टाकलं.

घरी आले. दारात चपला काढल्या. दाराकडे वळवून ठेवायच्या होत्या, पण छकुली खांद्यावर झोपली होती, वाकता आलं नाही.

उद्या वळवीन.